सूर्य ऐकण्याची सकाळ

मार्गशीर्षातली अमावास्या होती. सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, ऊन सांडत होते. कोवळे, केशरी, दवात भिजून जड झालेले ऊन. काळ्या कातळाच्या भेगाभेगांतून वाळलेले गवत उभे होते, आणि खाडीवरून चढून आलेले धुके त्या गवतात अडकत, फाटत, विरत होते. आंब्याच्या शेंड्यांवर मोहोराची पहिली पिवळी कुजबुज होती. आणि वर आकाश होते. निरभ्र, नितळ, निर्दय.

कालिंदीबाईंना ते निरभ्र नको होते. उजाडल्यापासून त्या ढगांची वाट पाहत होत्या. एकसुद्धा आला नाही.

सड्याच्या टोकाला अंध मुलींची निवासी शाळा होती. लाल चिऱ्यांच्या भिंती, कौलारू ओसरी, मागच्या अंगाला जिना आणि गच्ची. कालिंदी धुरी इथे गाणे शिकवीत. आज अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यांवर मुली एकमेकींचे हात हातात घेऊन ओळीने बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर एक छोटी पेटी होती. थोड्याच वेळात सूर्याला ग्रहण लागणार होते. ती पेटी ते ग्रहण मुलींना ऐकवणार होती.

पेटी आणली होती तृप्ती कुलथे नावाच्या तरुणीने. शहरातल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटातली ती. आश्रमशाळा, वृद्धाश्रम, तुरुंग. जिथे आकाश असते पण ते दाखवणारे कुणी नसते, तिथे ती जात असे.

“दूर देशांतल्या काही लोकांनी, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी अशी पेटी बनवली,” ती मुलींना सांगत होती. “आणि ती कशी करायची, ते सगळ्या जगाला सांगून टाकलं. ही मी घरच्या टेबलावर जोडलीय. उजेड भरपूर असला की ही उंच गाते. उजेड उतरला की हिचा सूर उतरतो. आपल्याकडे सूर्य पूर्ण झाकणार नाही, त्याची कोर उरेल. सूर किती खाली जातो ते तुम्ही ऐकायचं.”

मग ती जरा थांबली. “ज्यांना थोडंफार दिसतं, त्यांनी वर बघायचं नाही. डोळ्याच्या आत एक नाजूक पडदा असतो. सूर्य तो जाळतो. आणि जळताना दुखत नाही, म्हणून कळत नाही.”

ओसरीच्या खांबाला टेकून कालिंदीबाई ऐकत होत्या. एवढ्या वर्षांत हे कारण कुणी असे साध्या शब्दांत सांगितले नव्हते.

त्या लहान होत्या तेव्हाही असेच ग्रहण आले होते, दुपार कलताना. गावाने दारे मिटली, खिडक्या मिटल्या, चुली विझवल्या, पाण्याच्या घागरींत तुळशीची पाने टाकली. बघू नको, आई म्हणाली. बघू नको, आजी म्हणाली. बघू नको, बघू नको, असे सारे घर म्हणत राहिले, आणि का बघू नको ते कुणीच म्हणाले नाही. अंधारलेल्या माजघराच्या दाराला एक भोक होते. छोट्या कालिंदीने त्या भोकाला डोळा लावला. एक डोळा थकला तेव्हा दुसरा लावला.

तेव्हापासून तिच्या दृष्टीच्या मध्यभागी काळा डाग होता. ती ज्याच्याकडे पाही, ते नाहीसे होई. चेहरा पाहिला की चेहरा जाई, केस तेवढे उरत. ताट पाहिले की भात जाई, कडा तेवढी उरे. जगाचा मध्य गेला आणि किनारे राहिले. त्या किनाऱ्यांवरच तिने आयुष्य काढले. गाण्याच्या आधाराने, मान तिरकी करून, पाखरासारखी बाजूने बघत.

म्हणून काल संध्याकाळी तृप्तीने पिशवीतून ग्रहण बघायचे काळे चष्मे काढले आणि थोडे दिसणाऱ्या मुलींना ते देऊ का विचारले, तेव्हा कालिंदीबाईंचा आवाज चिरला होता.

“नको. एकीलाही नको.”

“बाई, पूर्ण सुरक्षित असतात हे. मी स्वतः तपासलेत.”

“नको म्हटलं ना.”

तृप्तीने चष्मे परत पिशवीत ठेवले. दाराशी पाण्याची कळशी घेऊन शेवंती उभी होती, हे दोघींच्याही ध्यानात आले नव्हते.

शेवंती गावडे, सातवीतली. तिचे दुखणे बाईंच्या नेमके उलटे होते. तिची दृष्टी कडेकडेने विझत आली होती; साऱ्या बाजूंनी अंधार सरकत आला होता, आणि मध्ये उरले होते एक भोक, सुईच्या नेढ्याएवढे. त्या भोकातून ती एका वेळी एक पान बघे, एक बटण, एक मुंगी. हेसुद्धा फार दिवस राहणार नाही, असे डॉक्टर तिच्या आईला म्हणाले होते. हळू आवाजात म्हणाले होते. पण शेवंतीचे कान तिखट होते.

ग्रहण लागले.

आधी काहीच बदलले नाही. पेटीतून बासरीसारखा एक उंच, उजळ, अखंड सूर येत राहिला. मग कुणी तारेवरून बोट ओढावे तसा तो किंचित ढळला. ओळीतून एक श्वास सरकत गेला. “लागलं,” कुणीतरी पुटपुटले, आणि पुन्हा सारे अंगण कानांचे झाले.

सूर उतरू लागला. ऊन तेच होते, पण त्यातले सोने कुणी खरवडून काढत होते. कौलांवरची लाली राखेची झाली. गवत निस्तेज झाले. हवेला धार आली. आंब्यावर कावळे गोंधळून एकदा ओरडले आणि गप्प झाले. सावल्या चाकूने कापल्यासारख्या रेखीव होत चालल्या. सूर उतरत होता. पायरी पायरीने नव्हे, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा, न तुटता, न थांबता.

तेवढ्यात शेवटच्या सतरंजीवरून एक दबका आवाज आला.

“बाई, शेवंतीचा हात नाही माझ्या हातात.”

कालिंदीबाईंनी मान तिरकी केली, ओळीची कडा पाहिली. एक जागा रिकामी होती.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर साऱ्या मुली उठल्या असत्या, माना वर झाल्या असत्या. ओठ दाबून त्या ओसरीवर चढल्या. निजण्याची खोली: रिकामी. स्वयंपाकघर: रिकामे, चुलीवर पेज रटरटत होती. मागचे दार उघडे होते. दाराबाहेर चिऱ्याचा जिना होता, आणि जिना गच्चीवर जात होता, आणि गच्चीवरून पूर्व दिशा मोकळी, उघडी, अडथळ्याविना दिसत होती.

अंगणातला सूर आता मंद्र सप्तकात शिरला होता.

आणि तेव्हा त्यांना कळले, शेवंती कशाची वाट पाहत असेल. सूर सगळ्यात खाली जाण्याची. उजेड सगळ्यात कमी असण्याची. पोरीने हिशेब मांडला असेल, की सूर्य दुबळा झाला म्हणजे तो जाळणार नाही. माजघराच्या दाराशी छोट्या कालिंदीलाही असेच वाटले होते. ऊन मऊ झाले होते, डोळा मिटावासा वाटत नव्हता, आणि म्हणूनच ती बघत राहिली होती. उरलेली कोर दुबळी नसते. ती फक्त दुबळी दिसते.

त्या धावल्या. पायरी दिसत नव्हती; पायरीकडे पाहिले की पायरी जात होती. गुडघा चिऱ्यावर आपटला, पदर अडकून फाटला. सूर उतरत होता. त्या चढत होत्या.

गच्चीच्या तोंडाशी त्या थबकल्या. समोर सूर्य होता. तो त्यांना दिसला नाही, पण कपाळावर, पापण्यांवर त्याचा कोमट हात पडला. इतकी वर्षे ज्याला पाठ दिली, तो समोर होता, आणि त्याच्या आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी ती पोर होती. तिच्याकडे बघायचे तर त्याच्याकडे बघावे लागणार होते.

कालिंदीबाईंनी डोळे मिटले. होती नव्हती ती कडाही मिटली. काळोखात, आपल्या मुली रोज चालतात तशा, त्या कान पुढे करून चालू लागल्या.

आणि ऐकू आले. कठड्यापाशी कुणीतरी गुणगुणत होते. ओठ मिटून, अगदी हळू, पेटीच्या सुरात सूर मिळवून. तो उतरेल तसे उतरत, उतरत. हा गळा त्यांनीच घडवला होता. हजार गळ्यांत त्यांनी तो ओळखला असता.

गुणगुण थांबली. म्हणजे सूर तळाला पोचला होता. म्हणजे वेळ झाली होती.

शेवटची पावले कशी पडली, त्यांना कळले नाही. हात पुढे गेले, केसांना लागले, कपाळाला लागले, आणि दोन्ही तळवे त्या लहान डोळ्यांवर गच्च मिटले.

“बघितलंस?” आवाज त्यांचा वाटत नव्हता. “शेवंती, बघितलंस का?”

“नाही.” पोर तळव्यांआडून म्हणाली. “बघणार होते.”

“खरं सांग.”

“नाही बघितलं, बाई. हातच काढत होते डोळ्यांवरचा.” मग तिचा बांध फुटला, आणि शाळेची भाषा गळून घरची वर आली. “माका एकदा बघूचा आसा. आता नाही बघितलं तर मग कधी? ताई चष्मा देत होत्या. तुम्हीच नको म्हणालात.”

ते शब्द कालिंदीबाईंच्या छातीत उभे शिरले. बघू नको. बघू नको. तेच घर, तेच मिटलेले दार. फक्त या वेळी दार लावणारा हात त्यांचा स्वतःचा होता.

त्यांनी तिला मागे ओढले. गच्चीवर सावलीला झापांचा मांडव घातलेला होता. माडाच्या विणलेल्या झावळ्या, उन्हापावसाने विरलेल्या, भोकाभोकांच्या. त्या सावलीत आल्यावर त्यांनी डोळे उघडले. खाली, लादीकडे. शेवंतीच्या डोळ्यांवरचे हात मात्र काढले नाहीत.

दृष्टीच्या कडेला काहीतरी हलत होते. पुष्कळ. लखलखीत. त्यांना आधी वाटले, आपल्याच डोळ्यांचा खेळ. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. ते जाईना.

“शेवंती,” त्या सावकाश म्हणाल्या, “मी हात काढते. पण खाली बघायचं. फक्त खाली. मला नीट दिसत नाही, तू सांग काय आहे.”

हात निघाले. पोर वाकली, गुडघ्यांवर बसली. तिची दृष्टी लादीवर हिंडली, आणि एका जागी थबकली.

“विळे,” ती म्हणाली. “बारके बारके, उजेडाचे विळे. बाई, सगळीकडे आहेत का? मला एकच मावतोय.”

“सगळीकडे आहेत.”

“अख्खा मावतोय पण. दोन्ही टोकं दिसतात.”

झापांच्या भोकाभोकांतून सूर्य खाली उतरला होता. भोक तितके सूर्य. भोक तितक्या कोरी. लादीवर कोरी, कठड्यावर कोरी, कडेच्या सुपावर कोरी, बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर कोरी, थरथरत्या, टोकदार, तांबूस. ज्याच्याकडे बघवत नाही, तो शतखंड होऊन पायांशी आला होता, आणि त्याच्यात आता दाह नव्हता.

“तुम्ही बघितलात,” शेवंती खाली बघतच म्हणाली, “तेव्हा असाच होता?”

का बघितलंस, हे कालिंदीबाईंना साऱ्या जन्मात साऱ्यांनी विचारले होते. आईने रडून, डॉक्टरांनी रागावून, लग्न मोडायला आलेल्यांनी कुजबुजून. काय बघितलंस, हे कुणी विचारले नव्हते.

“सुंदर होता,” त्या म्हणाल्या. “खाडीतल्या होडीसारखा. होडीची नुसती कडा पेटलेली, आणि आजूबाजूला काळंभोर पाणी. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं सोसल्यावर सुंदर होता म्हणायची लाज वाटायची.”

अंगणातून सूर पुन्हा वर येऊ लागला होता. इतका अलगद, की आधी तो कानांना नाही, अंगावरच्या काट्याला कळला. कोरींची पोटे किंचित भरू लागली.

“मग खाली जाऊ,” कालिंदीबाई म्हणाल्या. “ताईंकडून चष्मा घेऊ. वर बघायचं ते त्यातूनच. मी तुला धरून उभी राहीन. माझे हात कापतील, तू लक्ष देऊ नको.”

शेवंतीने मान हलवली, पण ती उठली नाही. तिने तळहात पुढे केला, एका कोरीखाली धरला. ती कोर तिच्या हातावर चढून बसली. वजनाविना, आवाजाविना, ऊबदार. पोरीने ती बाईंच्या चेहऱ्यासमोर नेली.

“दिसतो?”

“समोर नाही दिसत गं मला. बाजूला ने.”

तळहात सरकला. कोर बोटांवरून घसरली, हरवली. शेवंतीने दुसऱ्या भोकाखाली दुसरी पकडली.

“आता?”

“अजून थोडा.”

खाली सूर चढत होता, आंब्यावर कावळे पुन्हा बोलू लागले होते, आणि त्या विरलेल्या मांडवाखाली एक मुलगी, हात लांब करून, इवलासा सूर्य जगाच्या काठाकाठाने नेत होती. अजून थोडा, अजून थोडा. जिथे कालिंदीबाईंची नजर उरली होती, तिथवर.