स्ट्रुग क्लबचा चेंडू

मित्रांनो, मी चामड्याचा एक जुना फुटबॉल आहे. माझ्यातली हवा जाऊन बरीच वर्षे झाली. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या क्रीडाखोलीत, काचेच्या कपाटात मी बसून असतो. पूर्वी मला बोलायला सवड नव्हती. आता सवड आहे, पण थोडे बोललो तरी दमायला होते.

माझा जन्म दूर बल्गेरियात झाला. नदीकाठच्या एका लहान शहरात लेथ यंत्रे बनवणारा कारखाना होता. १९६२ साली तिथल्या कामगारांनी फुटबॉलचा क्लब काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘स्ट्रुग’. त्यांच्या भाषेत स्ट्रुग म्हणजे लेथ, लोखंड कातायचे यंत्र. मैदान त्यांनीच फावड्यांनी सपाट केले, गोलाचे खांब त्यांनीच वेल्डिंग करून उभे केले. मला शिवले ते घोड्यांची खोगिरे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने.

चार वर्षे मी त्या मैदानावर लाथा खाल्ल्या. चिखलात भिजून जड व्हायचो, तेव्हा गोलकीपर स्टोयन मला शेगडीपासून बेताच्या अंतरावर वाळत ठेवायचा. एका वर्षी स्ट्रुग जिल्ह्यात तिसरा आला. त्या दिवशी कामगारांनी मला खांद्यावर घेऊन मिरवले. तेवढेच एक कौतुक.

१९६६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर वरून, सरकारकडून हुकूम आला. शहरात एकच क्लब राहील. स्ट्रुग दुसऱ्या, मोठ्या क्लबात विलीन होईल. नाव त्यांचे, रंगही त्यांचा. शेवटचा सामना नेमका त्याच क्लबाशी होता आणि स्ट्रुगने तो दोन-एकने जिंकला. पण कुणी नाचले नाही. खेळाडू बुटांच्या नाड्या सोडत नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी फाटकावरची पाटी उतरली. सामान जमा करून घेणाऱ्याला स्टोयन म्हणाला, “चेंडू नदीत गेला.” मी तेव्हा त्याच्या ओव्हरकोटात होतो.

तीन वर्षांनी पिंपरीच्या या कारखान्याने तिथली यंत्रे मागवली. ती बसवून द्यायला स्टोयन इकडे आला आणि त्याच्या बॅगेतून मीही आलो. इथे त्याची गाठ लेथवर काम करणाऱ्या साहेबराव या टर्नरशी पडली. साहेबराव काळेवाडीहून सायकलने कामाला येत. फर्स्ट शिफ्ट सुटली की दोघे कंपनीमागच्या मोकळ्या जागेत मला घेऊन उतरायचे. हळूहळू आणखी दहा-बारा जण जमू लागले.

दीड वर्षाने यंत्रे बसवून झाली. निघताना स्टोयनने मला साहेबरावांच्या हातात दिले. एव्हाना त्याला मोडकीतोडकी हिंदी येत होती.

“स्ट्रुग,” तो म्हणाला. “चार साल. फिर खतम.”

मग त्याने बोटाने मातीत आकडे काढून दाखवले: १९६२, १९६६.

साहेबरावांनी मला पाच वर्षे खेळवले. मग त्या मोकळ्या जागेवर नवी शेड उभी राहिली. ओव्हरटाइम वाढला, गडी पांगले. माझ्या आतले रबरी ब्लॅडर फुटले आणि साहेबरावांच्या घरी मी कॉटखाली पडून राहिलो.

१९८१ साली कंपनीने क्रीडाखोली काढली. काही जुनी वस्तू असेल तर द्या, असे सांगण्यात आले. साहेबरावांनी मला एरंडेल तेल लावून पुसले आणि हौसेने आणून दिले. उद्घाटनाच्या दिवशी माझ्यासमोर कार्ड होते: ‘आपल्या कंपनीच्या फुटबॉल संघाचा पहिला चेंडू.’

साहेबरावांनी ते वाचले आणि ते थेट पर्सोनेल ऑफिसर मुकुंदरावांकडे गेले.

“साहेब, हे खरं न्हाई. ह्यो चेंडू स्ट्रुग क्लबचा हाय. बल्गेरियातला.”

“अहो साहेबराव, तो क्लब आता आहे कुठे?”

“न्हाई. म्हणून तर लिवायचं. जे हायेत, त्यांचं नाव ते सोता लिवत्यात.”

“फोटो निघाले, रिबन कापून झाली. आता कार्ड बदललं तर वरचे मला विचारतील.”

“मग माझा चेंडू मला परत द्या.”

मी घाबरलो. त्या वर्षी कुणाला चार्जमन करायचे ती यादी मुकुंदरावांच्याच हातात होती आणि साहेबराव बढतीची वाट पाहून थकले होते. पण ते मागे हटले नाहीत. रोज शिफ्ट सुटल्यावर ते येत, कपाटासमोर पाच मिनिटे उभे राहत आणि मग घरी जात. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मुकुंदरावांनी कपाट उघडले आणि एक कोरे कार्ड पुढे केले. “घ्या, तुम्हीच लिहा. मला साल माहीत नाही.”

साहेबरावांनी लिहिले: ‘स्ट्रुग फुटबॉल क्लब, बल्गेरिया. १९६२ ते १९६६. लेथ कामगारांचा संघ.’

चार्जमनच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. कारण कुणी सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही.

आता येणारे सगळे कॅरमकडे जातात. माझ्याकडे कुणी बघत नाही. परवा मात्र झाडलोट करणाऱ्या मंजुळाबाई कपाटाची काच पुसता पुसता थांबल्या. एकेक अक्षर लावत त्यांनी कार्ड वाचले. तेवढ्यात साहेबराव आत आले.

“भाऊ, ह्ये स्ट्रुग म्हंजी काय वो?”

साहेबरावांची डबल शिफ्ट झाली होती. डोळे लाल होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि बाकावर सरकून जागा केली.

“बसा मंजुळाबाई,” ते म्हणाले. “सांगतो.”

मित्रांनो, चेंडू ओला ठेवू नका, त्याला तेल लावा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझे मागणे वेगळे आहे. बंद पडलेल्या, मोडून गेलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारले, आणि तुम्हाला ती माहीत असेल, तर दमला असाल तरी सांगा.