दुकानाचं मंगळसूत्र

इतवारीतल्या मार्तंडभाऊंच्या बांगड्यांच्या दुकानात गोपिकेचं काम पडद्यामागे सुरू व्हायचं. तिथल्या खणात टिकल्यांचं पाकीट आणि काळ्या मण्यांचं एक खोटं मंगळसूत्र ठेवलेलं असे. सकाळी आली की ती आधी टिकली लावी, मंगळसूत्र गळ्यात घाली आणि मगच गिऱ्हाइकांसमोर बसे. संध्याकाळी निघताना दोन्ही उतरवून परत खणात.

तिचा नवरा सुशील काटोल रोडवरच्या अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. ती काम मागायला आली तेव्हा मार्तंडभाऊंनी तिला दोन बायकांच्या हातात बांगड्या भरायला लावल्या आणि हात पसंत पडल्यावर अट घातली.

"पाय वं गोपिका, माह्या मनात काही नाई. पण गिऱ्हाईक हात पाह्याच्या आधी गळा पाह्यते. नवरीचा चुडा विधवेच्या हातानं कोण भरून घेईन?"

घरी सासू सुभद्राबाईंचा हुकूम नेमका उलटा. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या. "कपाळ कोरंच ठेव. मी नाई का ठेवलं? गल्लीतल्या बाया काय म्हनतीन?" म्हणजे दिवसा सवाष्ण आणि रात्री विधवा. यातलं काय हवं, हे दोन्ही ठिकाणी गोपिकेला कुणी विचारलं नव्हतं. पगारावर घर चालत होतं, तेव्हा तोंड उघडायची सोयच नव्हती.

दुकानात एक रीत होती. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. गोपिका ते निमूटपणे म्हणे. सुशील गेला तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या बायकांनी दगडावर आपटल्या होत्या. त्या वेळी असले गोड शब्द कुणाला आठवले नव्हते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. काहीजणी हात ताठ धरत आणि दुखलं की हिलाच बोलत. "हात ढिला सोडा, ताई," हे वाक्य तिच्या तोंडात बसून गेलं होतं. पण काही बायका अशा यायच्या की दिवस सोपा व्हायचा. त्यांतल्या पहिल्या उत्तराताई. धरमपेठेतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. गोपिका डबा खात असली तर म्हणत, "होऊ दे तुझं जेवण. मी बसते." पंख्याचा वारा तिच्याकडे वळवत. तिचं नाव घेऊन हाक मारत. दुकानात बाकी सगळे "ए बाई" म्हणत, तिथे या 'गोपिका' म्हणत, आणि तेवढ्यानं तिला भरून येई.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांनी तिला घरी बोलावून नारळानं ओटी भरली होती. माया खरी होती, यात शंका नाही. पण तो नारळ घरी न्यायचा कसा? सासूला काय सांगायचं? गोपिकेनं गळ्यातले मणी काढून पिशवीत टाकले, पदरानं कुंकू पुसलं, नारळ एका देवळाच्या पायरीवर ठेवला आणि बसमध्ये बसून रडली. चांगली माणसं आपल्याला फसवत नाहीत, आपणच त्यांना फसवतो आहोत, असं तिला वाटत राहिलं.

मग उत्तराताईंच्या मुलीचं, वैदेहीचं लग्न ठरलं. "चुडा गोपिकाच भरेल. तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही," त्यांनी दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं. मार्तंडभाऊ खूश झाले. गोपिकेचा हात गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे गेला.

त्या दिवशी उत्तराताईंचं घर बायकांनी भरलं होतं. वैदेही पाटावर बसली होती, समोर ताटात हिरव्या बांगड्या. ओटीचं तबक घेऊन उत्तराताई आल्या.

"आधी तुझी ओटी भरते. आणि हो, नाव घ्यायचं बरं का! त्याशिवाय सोडणार नाही."

"घ्या, घ्या नाव!" बायकांनी गलका केला.

आजवर गोपिका खोटं बोलली नव्हती, फक्त गप्प राहिली होती. मण्यांचं खोटं तिनं सोसलं होतं. पण सुशीलचं नाव जिवंत माणसाचं म्हणून घ्यायचं, तेही यमक जुळवून, हसत? तिला ते जमेना.

"त्याईचं नाव सुशील," ती म्हणाली. "पण ते नाई आता, ताई. दोन वर्षं झाले."

एका बाईनं बांगड्यांचं ताट हळूच आपल्याकडे ओढलं. उत्तराताईंचा हात ओटीच्या तांदळात होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी गोपिकेच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, आधी सांगायचं ना. मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. पण आज... वैदेहीचा दिवस आहे गं. तू आत बस. चहा घे. पैसे पूर्ण देते हं मी."

"आई!" वैदेही म्हणाली. आईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

गोपिकेनं चहा घेतला नाही. कुणी तिला वाईट बोललं नव्हतं, हाकललं नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

ती दुकानात परतली, तोवर मार्तंडभाऊंना फोन पोचला होता. "इज्जत घालवली माही! आता मांगं बस, खोके पूस. काउंटरवर बसायचं असन तं गळ्यातलं हे राहू दे आन् चूप राह्य."

तिनं मंगळसूत्र गळ्यातून काढून खणात टाकलं. कपाळाची टिकली मात्र राहू दिली.

"हे मंगळसूत्र तुमचं हाये, भाऊ. टिकली माही हाये, लहानपणापासूनची. मी काउंटरवरच बसीन. काढाचं असन तं काढा मले."

त्या संध्याकाळी ती टिकली लावूनच घरी गेली. सुभद्राबाईंनी तिच्या कपाळाकडे बोट केलं. "काढ ते," त्या म्हणाल्या. तिनं काढली नाही. सासू त्या रात्री जेवल्या नाहीत.

मार्तंडभाऊंनी तिला काढलं नाही, पण बदली बाई शोधायला लागले. मोकळा गळा पाहून दोन गिऱ्हाइकं उठून गेली. लग्नानंतर एका दुपारी उत्तराताई आल्या. हातात लाडवांचा डबा आणि साडी. दुकान भरलेलं होतं.

"मला झोप नाही गं गोपिका. हे घे. राग धरू नकोस."

गोपिकेला त्यांचा राग नव्हताच. "ताई, या दुकानात मले मानूस म्हनून तुम्हीच वागवलं. ते मी इसरनार नाई. पन हे नको. बांगड्या भरून जा माह्या हातानं."

शेजारच्या बायका वळून पाहू लागल्या. त्यातली एक धरमपेठेतली, उत्तराताईंच्या ओळखीची होती. उत्तराताईंनी तिच्याकडे पाहिलं, गोपिकेच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. डबा खाली ठेवला. मग सावकाश हात पुढे केला, पण मूठ घट्ट आवळलेली होती.

गोपिकेनं हिरवी बांगडी उचलली.

"हात ढिला सोडा, ताई," ती म्हणाली, आणि थांबून राहिली.