चार किलोंचं खोटं

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. उभं राहायला पत्रा, वर गोल तबकडी आणि एक लांब सुई, एवढाच माझा संसार. सध्या दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत पडून आहे. गंजलोय म्हणून हळहळू नका. गंजाची मला भीती नाही. भीती वाटते ती एका जुन्या गोष्टीची, आणि ती आज सांगून टाकतो.

कारखान्यात मला सात वेळा तपासलं होतं. "हा काटा पक्का," असं तपासनीस म्हणाला आणि मी जो फुगलो तो फुगलोच. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात आलो. बाळंतिणी, पोरंटोरं, पैलवान, सगळ्यांना तोंडावर खरं सांगायचो. "हा कुणाची भीडभाड ठेवत नाही," असं नर्सबाई कौतुकानं म्हणायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

त्या काळी तरुण मुलामुलींना स्वतःच्या शरीराबद्दल काही विचारायचं, तर सोयच नव्हती. डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणायचे, "वडिलांना घेऊन ये." पोरं खाली मान घालून निघून जायची आणि समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचत उभी राहायची. ती एका भोंदू वैद्याची होती. एकांतातल्या वाईट सवयींमुळे शरीर आतून झिजतं, वजन उतरत जातं आणि वर्षाच्या आत माणूस संपतो, असं तीत ठळक अक्षरांत छापलं होतं.

एकदा रंगकाम चालू असताना शिपायानं मला धाडकन आपटलं. आतली एक पट्टी वाकली. रिकामा असलो की सुई बरोबर शून्यावर, पण कुणी चढलं की कमी दाखवायची. पट्टी सरकत गेली तशी आणखी कमी. जाडी माणसं खूश होती. मला मात्र धडकी भरली होती, कारण त्याच सुमारास एक एकोणीस वर्षांचा मुलगा यायला लागला होता. अंगानं किरकोळ, म्हणून कंपाउंडर त्याला 'काडी' म्हणायचा.

काडी दर सोमवारी यायचा. आधी ती जाहिरात वाचायचा, मग माझ्यावर चढायचा. पन्नास. काही आठवड्यांनी अठ्ठेचाळीस. मग सेहेचाळीस. आकडा बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. भीतीनं त्याचं जेवण सुटलं होतं, थोडा तो वाळलाही होता. पण बाकीचं सगळं निव्वळ माझं खोटं होतं, शेवटी तर चार किलोंचं. अरे बाबा, मी बिघडलोय, असं सांगायला जीव तळमळायचा. पण मला तोंड कुठलं?

एका सोमवारी सुई चव्वेचाळीसवर थांबली. काडी बराच वेळ उतरलाच नाही. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून कंपाउंडरपुढे ठेवलं.

"माझा धाकटा भाऊ येईल, त्याला द्या."

"आणि तुला रे, काडी?"

"मला आता नाही लागणार."

कंपाउंडर हसला. काडी फाटकाबाहेर गेला. माझी सुई हलत राहिली.

तेवढ्यात सिस्टर सहज माझ्यावर चढल्या. "अगंबाई, चार किलो उतरले? मी तर दिवसभर चरत असते. मोडलाय मेला." मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "हे कुणाचं?"

"काडीचं. दर सोमवारी वजन करतो आणि रडवेला होऊन जातो. येडंच आहे जरा."

सिस्टरचं हसू मावळलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या भिंतीकडे. "कुठं राहतो तो?"

कुणालाच माहीत नव्हतं. तीन महिन्यांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. सिस्टर चप्पल न घालताच धावल्या.

तो तास मी कसा काढला, माझं मला ठाऊक. पाऊल वाजलं की वाटायचं, आता वाईट बातमी येणार. शेवटी सिस्टर आल्या, त्याचा दंड घट्ट धरून. तो कुठं सापडला, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

"काटा मोडलाय," त्या त्याला म्हणाल्या. "आणि ती जाहिरात धडधडीत खोटी आहे. त्या सवयीनं कुणी झिजत नाही. तुला काहीही झालेलं नाही."

काडी खूप रडला. मग म्हणाला, "वजन तर बाजारातही करता आलं असतं, सिस्टर. इथं यायचो ते कुणीतरी विचारेल म्हणून."

पुढच्या सोमवारपासून सिस्टरनी तरुणांसाठी एक तास ठेवला. नाव लिहायचं नाही, वडिलांना आणायचं नाही, दार लावून काय हवं ते विचारायचं. गावातल्या मोठ्यांनी आकांडतांडव केलं, खिडकीची काचही फोडली. तरी तास चालला. पुढे त्याला स्वतंत्र खोली मिळाली, लांबची मुलं पत्रं पाठवू लागली, मग विचारायला टेलिफोनही आला. मी दुरुस्त झालो, पण पुन्हा कधी फुगलो नाही.

आता सिस्टर नाहीत. माझ्या जागी आकडा उजळणारा नवा काटा आहे, तो चुकत नाही म्हणे. पण सोमवारची खोली बरेचदा बंदच असते, माणूस नाही म्हणून. कुणाची तरी पावलं दारापर्यंत येतात, थबकतात आणि परत फिरतात. मला इथं ऐकू येतं आणि माझा थरकाप होतो.

मित्रांनो, कुणी सारखं येऊन काहीच न बोलता जात असेल, तर त्याला बसवा आणि काय झालंय ते विचारा. पहिल्यांदा तो सांगणार नाही. पुन्हा विचारा. सिस्टर त्या दिवशी वेळेवर पोचल्या. दर वेळी कुणी पोचेलच असं नाही.