सुट्या पायऱ्या

मी लाकडी पिरॅमिड बोलतोय. व्यवस्थापनाच्या वर्गात, टेबलाच्या कोपऱ्यावर माझा मुक्काम. अंगावर पाच पायऱ्या: तळाशी अन्न-निवारा, त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान, आणि शेंड्यावर स्वतःचं कसब पुरं पणाला लावणं. माणूस मन लावून काम का करतो ते मी दाखवायचं, ही माझी नेमणूक.

कॉलेजच्या सुतारकाकांनी मला पाच सुट्या तुकड्यांत घडवलं. मुलं क्रम चुकवायला लागली तसं शिकवणाऱ्या मॅडमनी सरस लावून मला एकसंध केलं. मला ते मुळीच आवडलं नाही, पण विचारतो कोण? खालची पायरी भरल्याशिवाय वर चढता येत नाही, हे मी बारा वर्षं ऐकलं. मुलं तेच घोकायची, पेपरात उतरवायची आणि वर्गात पेंगायची.

मग नवे विभागप्रमुख आले. म्हणाले, एक तास मागे बसून बघतो. मुलं अशीच पेंगणार असतील तर हा विषय व्हिडिओवर शिकवू. मॅडमनी कंबर कसली.

त्या दिवशी सुतारकाका मागचा बाक दुरुस्त करत होते. दहाव्या मिनिटाला पहिली जांभई आली आणि प्रमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडम थांबल्या. मला उलटं करून त्यांनी तळावरून बोट फिरवलं. एकही कुसळ नव्हतं. त्यांनी काकांना विचारलं, हा भाग कुणाला दिसत नाही, मग एवढा घासलात कशाला?

"मला माहीत असतं ना," काका म्हणाले.

"आज जेवलात?"

"कुठलं? डबा तसाच आहे. आधी हा बाक डुगडुगायचा थांबू दे."

वर्ग हसला.

"पहिली पायरी रिकामी आणि माणूस शेंड्यावर," मॅडम म्हणाल्या. "मी बारा वर्षं अर्धंच शिकवत आले."

पहिल्या बाकावरच्या एका हुशाराने विचारलं, मग अशा माणसाला पगार कमी दिला तरी चालेल? त्याच्यावर सगळा वर्ग तुटून पडला. प्रमुखही वही मिटून वादात उतरले. तास संपला तरी कुणी उठेना. व्हिडिओचं नाव पुन्हा निघालं नाही.

डबा खाऊन झाल्यावर काकांनीच माझा सरस सोडवला. आता माझे कोपरे झिजलेत, शेंडा दोनदा हरवून सापडलाय. दरवर्षी मुलं मला नव्याने रचतात, कुणी आपल्या वडिलांना आधी काय लागतं तसं, कुणी मावशीला लागतं तसं. मला हे फार आवडतं.

एक विनंती. उद्या तुम्ही साहेब व्हाल. हाताखालच्या माणसाला काय हवंय ते माझ्याकडे बघून ठरवू नका, त्यालाच विचारा. आणि त्याआधी, तो जेवलाय का, तेवढं विचारा.