काठाचा शेंदूर

“शेंदूर लागलेली बरणी देवाजवळ ठेवायची, चुलीजवळ नाय,” सासू म्हणाली, तेव्हा रेश्माला हसू आवरेना.

“आई, शेंदूर कुठला? लाख असेल. झाकण घट्ट बसावं म्हणून लावलेली.”

“शिकलेली ना तू. ऱ्हायलं मग,” हौसाबाईंनी तोंड फिरवलं.

शहापूरच्या बाजारात भंगारवाल्याकडे तशा दोन बरण्या मिळाल्या होत्या. उंच, जाड, हिरवट काचेच्या. काठाला लाल कडं. कुठल्याशा जुन्या संग्रहालयात त्यांत साप-विंचू औषधात बुडवून ठेवत. रेश्मा प्राणिशास्त्राची पदवीधर. कॉलेजात अशाच बरणीतल्या समुद्रघोड्याचं चित्र काढून तिने शाबासकी मिळवलेली, त्यामुळे बघताक्षणी जीव जडला. मुरबाडला घरी आणून सोड्याने घासघासून धुतल्या, वास गेला की नाही ते पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. काचेत काही मुरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाल कडं तेवढं ठेवलं आणि दोन्ही बरण्या लिंबाच्या लोणच्याने भरल्या.

एक राहीला दिली. सिद्धगडाखालच्या वाडीतली राही श्रावणात रानभाज्या घेऊन दारावर यायची. नुकते दिवस गेले होते तिला.

“बय, कसली देखणी गो बरणी!”

“ने की मग. डोहाळे पुरव.”

दुसरी घरात. तीन वर्षांच्या लेकीला, भूमिकाला, लोणच्याचा खार चाटल्याशिवाय घास उतरत नसे. गणपतीत सगळ्या आळीचं डोकं खाणारी ही पोर दिवाळीनंतर पोट धरून बसू लागली. आधी जेवण सुटलं, मग बोलणं. ‘आई, पानी दे’ म्हणणारी आता माठाकडे नुसतं बोट दाखवायची.

“तुझं आपलं कायतरीच,” नवरा, हरेश, म्हणाला. “दात येताना पण तू असाच घोर लावलेलास.”

पण रेश्माची नजर हटेना. जंताचं औषध झालं, लोहाचं झालं. शेवटी कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

“शिसं आहे रक्तात. बरंच. आजच दाखल करायला हवी. घरात जुना रंग, सुरमा, फुटलेली बॅटरी?”

नाही. नाही. नाही.

कपडे घ्यायला रेश्मा भूमिकाला घेऊन घरी आली. “चार घास तरी खाऊन जा,” म्हणत हौसाबाईंनी बरणी काढली, झाकण उचललं आणि तशाच थबकल्या.

“रेश्मा, हिचा शेंदूर गेला कुठं गो?”

काठ नितळ होता. कडं होतं तिथे फक्त पुसट गुलाबी रेघ. बरणी कलंडली की आंबट खार काठाला लागायचा, आणि कडं भुगा होऊन आत पडायचं. तिखटाच्या लालीत ते दिसणार कसं?

रेश्माने फोनवर ‘शेंदूर’ टाकलं. पहिल्याच ओळीत शिसं.

“आमची आय सांगायची,” हौसाबाई पुटपुटल्या, “भजनात गाणाऱ्या जयरामला कुणी शेंदूर चारला, नि त्याचा गळाच गेला...”

त्यांनी बरणी मागे ओढली. भूमिका बरणीकडे बोट दाखवत होती.

दवाखान्यात औषध सुरू झालं. शिसं उतरेल, बोलणं कधी परतेल ते आज सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोटातल्या बाळालाही ते सोडत नाही, हेही बोलता बोलता म्हणाल्या, आणि रेश्मा हरेशकडे वळली. राही!

हरेश तसाच गाडी काढून वाडीवर गेला. राहीच्या दाराला तार गुंडाळलेली.

“वीटभट्टीवर गेली ती, नवऱ्याबरोबर,” शेजारचा धाकलू म्हणाला. “वाशिंदच्या अंगाला कुठंतरी.”

“बरणी?”

“ती मागं कशी ठेवील? लुगड्यात बांधून नेली.”

भूमिकाच्या उशाशी बसून रेश्माने जो मजकूर सगळीकडे पाठवला, तो असा:

‘वीटभट्टीवर राही नावाची बाई आहे. गाव सिद्धगडाखालचं, पोटुशी आहे, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. तिच्याकडे हिरवट काचेच्या जुन्या बरणीत लोणचं आहे. ते विष आहे. तिला रागावू नका, मीच दिलंय. बरणी काढून घ्या, तिला दवाखान्यात न्या, रक्तातलं शिसं तपासायला सांगा. तिच्याकडे फोन नाही. तुम्ही हे वाचताय ना? मग तुमच्या जवळच्या भट्टीवर आजच जा. राही आहे का, विचारा.’