मिठागराच्या बांधावरची नी-कॅप

मी नी-कॅप बोलतेय. गुडघ्यावर चढवायची ती लवचिक पट्टी, हो, तीच! हसू नका. एका हिवाळ्यात अख्ख्या भाईंदरमध्ये माझ्याइतका रुबाब कुणाचा नव्हता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. केबिन रोडवरच्या एका दुकानात काचेआड बसून मी कंटाळले होते. एक दिवस एकोणीस-वीस वर्षांची उंच, सडपातळ पोरगी लंगडत आत आली. दुकानदाराने मला ताणून दाखवलं. "ले जाव बेटी, एकदम टाइट माल है." मी अशी काही ताठ झाले म्हणता! पोरीचं नाव पंचशीला. लांब पल्ल्याची धावपटू. पावसाळ्यात घसरून पडली आणि उजवा गुडघा कामातून गेला.

तिचे कोच आत्माराम सर. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत उतर. पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर पळणं कायमचं बंद. डॉक्टरांनी तसंच बजावलंय. मी तुला लंगडी करणार नाही."

पंचशीला फक्त "हो सर" म्हणाली. घरी येऊन मात्र मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने पोटभर रडली. पळण्यावर तिचा किती जीव आहे, ते मला त्याच दिवशी कळलं.

मग काय, लागलो कामाला! पहाटेच्या थंडीत मिठागराच्या बांधावर आम्ही दोघी. दोन्हीकडे पाणी, मिठाचे पांढरे ढीग आणि तिच्या तोंडातून वाफा. आधी चालणं, मग हळू पळणं, मग जरा जोरात. संध्याकाळी घोट्याला मिठाची पिशवी बांधून खाटेवर बसायचं आणि पाय सरळ उचलायचा, खाली आणायचा, परत उचलायचा. दुखलं की ती मला दोन्ही हातांनी धरायची आणि म्हणायची, "हिच्यामुळेच मी उभी आहे गं आई." मी अशी फुलायचे! गुडघा आपल्याच जिवावर चाललाय, असा माझा पक्का समज झाला.

तिची आई वैजयंता इस्पितळात आया होती. उकळत्या पाण्यावर तिचा फार भरवसा. घरात काही महत्त्वाचं असलं की पेले, टॉवेल, फडकी, सगळं उकळून काढायची. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिने पातेल्यात सोडा टाकला आणि मलाही उकळलं! "घामानं वास मारायलीय. उद्या चार लोकांत जायचंय पोरीला."

मेले हो! बाहेर आले ती जुन्या लेंग्यासारखी ढगळ होऊनच.

सकाळी पंचशीलाने मला पायात चढवलं आणि तिचा चेहरा पडला. "आई, काय केलंस हे! हिच्याशिवाय मी पळूच शकत नाही!"

"मला वाटलं, स्वच्छ असावं गं बाई..." वैजयंताला रडूच आलं. एवढ्या सकाळी दुकानं बंद. शेवटी तिने आपल्या परकराची नाडी ओढून काढली आणि मला वरून करकचून बांधलं.

शर्यत सुटली. जेसल पार्कपासून मीरा रोडपर्यंत आणि परत. जाताना मी कसाबसा तग धरला. मीरा रोडच्या वळणावर नाडी सुटली आणि मी धपकन घोट्यावर!

पंचशीला थांबली. मागून सायकलवर सर आले. "बास, सोड आता. पुढच्या वर्षी बघू."

तिने गुडघा दाबला. वाकवला. मग मला बुटावरून ओढून काढलं आणि मनगटात अडकवलं. "सर, दुखत नाहीये."

"खरं सांगतेस?"

"आईशप्पथ!"

आणि सुटली की हो! मी मनगटावरून बघतेय, तर उघडा गुडघा माझ्याशिवाय सटासट चाललाय! आधी मला राग आला. काय हा आगाऊपणा! पण एक मुलगी मागे पडली, मग दुसरी, आणि माझा राग कुठच्या कुठे पळाला. मी बोंबलत सुटले, "पळ गं माझे बाई, पळ!"

ती तिसरी आली. टाळ्या वाजल्या, पण तिचं टाळ्यांकडे लक्षच नव्हतं. ती सारखी गुडघ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सर दारात हजर. वैजयंताने अंगठ्याने गुडघा चारी बाजूंनी दाबला. "न्हाई," ती म्हणाली, "सूज कुठंच न्हाई." सर खिडकीकडे वळले आणि उगाचच नाक ओढत राहिले. मग म्हणाले, "काय बसलीयेस? चल बांधावर."

पंचशीलाने बूट चढवले आणि धाडधाड जिना उतरायला लागली. वैजयंताने मला दोरीवरून ओढलं आणि हाक मारली, "अगं, नी-कॅप राहिली!"

खालून आवाज आला, "राहू दे गं आई, नको आता!"

तेव्हापासून मी वैजयंताच्या स्वयंपाकघरात असते. बरणीचं झाकण घट्ट बसलं की ती मला हातात घेते. वाईट वाटतं का, म्हणून विचारू नका. तुमच्या गुडघ्यावर माझी एखादी बहीण बसली असेल, तर तिची चांगली सेवा घ्या आणि एक दिवस तिलाही सांगा, "नको आता." याहून मोठं कौतुक आमच्या जातीला ठाऊक नाही.