डॅशबोर्डवरचा ढेरपोट्या

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा आहे. माणूस बसलाय आणि त्याच्या पुढ्यात भला मोठा गोळा, असं चित्र. मी त्याला ढेरपोट्या म्हणते. किल्ली फिरवली की त्याने क्षणभर लागावं आणि निमूट विझावं, एवढंच त्याचं काम. पण आमचा मेला विझायचं नावच घेईना. तो विझत नाही म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगमध्ये कुठेतरी बिघाड आहे, आणि उद्या कुठे धडकलो तर ती पिशवी फुगेलच याची खात्री नाही.

लेकाने फोनवर निक्षून सांगितलं, "आई, ही शेवटची दुरुस्ती. परत दिवा लागला तर गाडी विकायची. बाबांना न्यायला-आणायला टॅक्सी आहे. वाद नको."

मी कशाला वाद घालतेय? "हो रे बाबा," म्हटलं, फोन ठेवला आणि भांडी जरा आपटूनच घासली.

गाडी ह्यांची. लेक शाळेत होता तेव्हापासूनची. मला कधी हात लावू दिला नाही, मीही कधी मागितली नाही. मग ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत राहिली, तीही आधीपेक्षा धारदार. पाय हळूहळू सावरला, हात मात्र अडून बसला. साधा चमचा धरवेना. दर आठवड्याला दवाखान्यात व्यायामाला न्यायचं, म्हणून या वयात मी गाडी शिकले. शिकवणारा बिचारा पहिल्या दिवशी चालत्या गाडीतून उतरायच्या बेतात होता.

आणि खरं सांगू? मला गाडी चालवायला आवडायला लागलं. भयंकर आवडायला लागलं. दवाखान्याच्या वाटेवर मोठा पूल आहे. त्याच्या चढावर गिअर बदलला की गाडी जी ऐकते ना, तसं घरात माझं कोणी कधी ऐकलं नाही! पण शेजारी हे बसलेले. जिथे आयुष्यभर बसले ती सीट बायकोच्या ताब्यात, आणि मांडीवर तो निपचित हात. त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने खूश होणार? म्हणून घरी आले की दर वेळी करवादायची. "काय कटकट आहे! खांदे भरून आले. कधी सुटणार बाई मी यातून!" हे आपल्या हाताकडे बघत बसायचे. मला वाटायचं, चला, तेवढंच त्यांना बरं वाटत असेल.

आमच्या मेकॅनिकला सगळे 'बघूया' म्हणतात. काहीही विचारा, तो आधी तेच म्हणतो. पहिल्या खेपेला त्याने मशीन जोडलं, बिघाडाचा कोड वाचला आणि पुसला. ढेरपोट्या गेला, आठवड्याने परत हजर. दुसऱ्या खेपेला स्टिअरिंगच्या आतली एक पट्टी तुटलेली सापडली, त्याने नवी टाकली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. थोड्याच महिन्यांत ढेरपोट्या पुन्हा डोळे वटारून बसला.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे लेकाच्या त्या शेवटच्या दुरुस्तीला, बघूयाने बॅटरी सोडवली आणि थोडा थांबला. "घाई केली तर पिशवी माझ्याच तोंडावर फुटायची," म्हणाला. मग स्टिअरिंग उघडून त्याने ती चपटी, गुंडाळलेली पट्टी माझ्यासमोर धरली.

"काकू, स्टिअरिंग फिरतं तशी ही गुंडाळते, उलगडते. एअरबॅगची वायर हिच्यातूनच जाते. वर्षानुवर्षं टिकते ही. नवी टाकलेली इतक्यात तुटली म्हणजे..." त्याने घसा साफ केला. "उभ्या गाडीत कोणीतरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं फिरवतंय. पुढचे टायरपण बघा कसे घासलेत. तुम्ही पार्किंग करताना..."

"म्हणजे मला गाडी लावता येत नाही?"

"तसं नाही, काकू..."

"तसंच! एका दमात लावते मी गाडी. आमच्या वॉचमनला विचार जाऊन!"

बघूयाचं तोंड एवढंसं झालं. बाजूच्या स्टुलावर हे बसले होते, जमिनीकडे बघत. एरवी एखादा टोमणा मारल्यावाचून राहणारा हा माणूस नव्हे. मला तिथेच संशय यायला हवा होता, पण रागात कुठलं काय सुचतंय.

नवी पट्टी बसली, ढेरपोट्या विझला. काही महिन्यांनी एका दुपारी हे नेहमीसारखे "पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली गेले. मी आडवी झाले, तर चष्मा गाडीत राहिल्याचं आठवलं. किल्ली घ्यायला गेले आणि खिळा रिकामा. किल्ली कोणी नेली?

पार्किंगमध्ये आमच्या गाडीकडून टायर घासल्याचा आवाज येत होता. पुढच्या चाकांखाली फरशीवर काळे फराटे उमटलेले. मी वाकून काचेतून बघितलं.

हे ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. किल्ली अर्धीच फिरवलेली, इंजिन बंद, त्यामुळे स्टिअरिंग जड. डावा हात मांडीखाली दाबून धरलेला, त्याने मध्येच मदत करू नये म्हणून. आणि तो उजवा हात, माझ्या हिशेबी कामातून गेलेला, स्टिअरिंग ओढत होता. बोटं निसटायची, हे परत नेऊन ठेवायचे, परत ओढायचे. कपाळावर घाम. समोर ढेरपोट्या लालभडक.

माझं डोकं फिरलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. डावीकडचं दार उघडून मी आत बसले.

"अहो, काय चाललंय हे?"

हे दचकले. "परत पेटला तो," एवढंच म्हणाले.

"दिसतंय मला! व्यायामाला चेंडू दिलाय ना डॉक्टरांनी?"

"चेंडू काय तुला पुलावरून नेणार आहे?" हे खेकसले. मग आवाज खाली आला. "दर वेळी म्हणतेस, कधी सुटणार म्हणून. म्हटलं, हात परत आला की सोडवतो तुला."

मी कपाळावर हात मारला.

"अहो, आवडतं मला गाडी चालवायला! खूप आवडतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून कुरकुरत होते मी."

"आवडतं?"

"हो."

ह्यांनी ढेरपोट्याकडे बघितलं. "म्हणजे मी इतके महिने गाडीची वाट लावली ती उगाच?"

"उगाच कशी? हात द्या बघू इकडे."

त्यांनी हात दिला. मी बोटं धरली, तर त्यांनी माझीच अशी आवळली की मी ओरडलेच. मग दोघंही हसत सुटलो. हसता हसता माझं रडू काही थांबेना. "पुरे आता," हे म्हणाले, पण हात सोडला नाही.

संध्याकाळी लेकाला फोन केला. "दिवा परत लागला. कारण सापडलंय. गाडी विकायची नाही. वाद नको."

बघूयाकडे आम्ही दोघंही गेलो. मी त्याची माफी मागितली. ह्यांनी आपला गुन्हा कबूल केला. बघूयाने पट्टी बदलली आणि कोपऱ्यातून एका भंगारातल्या गाडीचं जुनं स्टिअरिंग काढून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. "काका, घरी टेबलाला बसवून देतो. हे फिरवा हवं तेवढं."

पुढच्या वेळी दवाखान्याला निघालो तेव्हा मी उजवीकडे बसले, हे डावीकडे. किल्ली फिरवली. ढेरपोट्या क्षणभर लागला आणि निमूट विझला. मी त्यांचा उजवा हात उचलून गिअरवर ठेवला.

"क्लच मी दाबते, गिअर तुम्ही टाका."

"वेडी आहेस का?"

"आहे. टाका."

आधी आवारातच फेऱ्या मारल्या. गिअर कितीदा अडकला, कितीदा कुरकुरला, विचारू नका. गल्लीत जमलं, मग मोठ्या रस्त्यावर जमलं. पुलाचा चढ आला तेव्हा मी क्लच दाबला. तोंडातून शब्द काढायच्या आधीच त्यांचा हात हलला आणि गिअर पडला.

"तू क्लच उशिरा दाबतेस," हे म्हणाले.